बारदान वजा

दिल्लीहून पत्र आलं: लहरींचा लिलाव होणार आहे,
सहाशे मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा मोकळा करायचाय,
तरी सर्व प्रक्षेपण केंद्रांनी तयारीत राहावं.
खाली सतरा मुद्दे, तीन नमुने
आणि एक सही, जी कुणालाच वाचता येत नाही.

उदगीरबाहेरच्या टेकडीवर आम्ही दोघंच.
मी आणि वॉचमन इरफान पटवेगर.
तिसरा मनोरा. त्याच्या टोकाचा लाल दिवा
नांदेडहून बल्ब येईपर्यंत बंद.

पहिला मुद्दा: मालमत्तेची यादी.
केली. ट्रान्समीटर एक. पंखे चार, चालू तीन.
जनरेटरमागं घोरपड राहते,
ती लिहिली नाही.

दुसरा: कोणती वाहिनी सोडता येईल,
कोणती शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येईल?
शेजारी म्हणजे बिदर.
थंडीच्या पहाटे तिकडचं कानडी चित्र
आमच्या मराठीवर सावलीसारखं चढतं,
बातम्या सांगणाऱ्या बाईला दोन तोंडं फुटतात.
वाटून तर आम्ही कधीचं घेतोय.

इरफान म्हणाला, "मॅडम, हवा भी बिकती क्या?"

तिसऱ्या मुद्द्यावर अडले. तळाची किंमत.
म्हणून मोंढ्यात गेले, मन्मथअप्पा हुडग्यांकडं,
चाळीस वर्षं तुरीच्या सौद्यात काटा धरलेले मापाडी.
अडतीच्या ओट्यावर सुपारी कातरत
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माल दिसतोय का?"
"नाही अप्पा."
"मुठीत येतोय?"
"नाही."
"मग घेतंय कोण?"
"फोनवाले. हजारो कोटींना."
"मग असणारच की त्यात कायतरी."

अडकित्ता खाली ठेवला.
"बगा बाई, सौद्याच्या आदल्या राती
आपला माल आपणच चाळायचा.
ओल आपणच मोजायची,
दुसऱ्यानं मोजली की ती जास्तच भरती.
मनातला भाव घरच्यांना बी सांगू नाही.
रुमालाखाली बोटं धरू लागले
की हात गार ठेवायचा.
अन् सगळ्यात आधी रिकामं पोतं तोलायचं.
बारदान वजा केल्याबिगर
कुणाचा माल किती, देवाला बी कळत नाही."

सतरा मुद्द्यांत हे कुठंच नव्हतं.

त्याच रात्री पावणेबाराला म्हटलं, "इरफान, बंद कर."
पंखे दमल्यासारखे थांबले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेकडीवर
कुत्र्यांचं भुंकणं नीट ऐकू आलं.
मीटरचा काटा खाली, अजून खाली,
पण तळाला जाईना.
कुठल्यातरी विहिरीवरची मोटार, रोहित्राची गुणगुण,
आणि खुद्द आभाळ, जे कधीच पुरतं गप्प बसत नाही.
वहीत आकडा टिपला, पुढं लिहिलं: हे पोतं.

आठव्या मिनिटाला फोन वाजला.
टेबलावरचा, काळा,
मेला म्हणून ज्याच्यावर आम्ही डबे ठेवायचो.

"हाळीहून बोलतोय. गुऱ्हाळावरून."
मागं रस खदखदत होता, कुणीतरी शिवी देऊन
चुलाणात चिपाडं सारत होतं.
"मुंग्या आल्यात की हो टीव्हीवर.
काहील उतरायला अजून दोन तास हाईत.
लावता का?"

"लावते," म्हटलं.
"काय लागलं होतं?"
"काय की. लावून ठेवतो आपलं.
आवाज असला की झोप येत नाही, अन् झोप आली
की गूळ करपतो."

इरफाननं खटका वर केला.
मनोऱ्याच्या पोटात कायतरी थरथरलं, नेहमीसारखं.

सोळावा मुद्दा: प्रेक्षकसंख्या, अंदाजे.
मागच्या वेळी साहेबांनी इथं
साठ हजार लिहिलं होतं, तालुक्याचं पुस्तक बघून.
मी 'अंदाजे' खोडलं.
लिहिलं: एक.
शेऱ्याच्या रकान्यात: बारदान वजा.

सतरावा मुद्दा वाचायचा राहिला.
पाकीट चिकटवायला डिंक नव्हता,
सकाळी इरफाननं डब्यातला भात लावला.